गोवऱ्या कोणी चोरल्या?

"दोन पोती गोवऱ्या? समुद्रावर?" नीलाने डोक्यालाच हात लावला.

"मंग? कणकेचे रोडगे का लाकडावर भाजतं वं तू?" भैयाजींनी पोत्याचं तोंड सुतळीने करकचून आवळलं. "समुद्र म्हणजे रेतीच ना! अन् रेतीवर बसून रोडग्याची पार्टी नाही केली, तं एवढ्या दूर जाऊन राहिलो कशाले?"

अजनीच्या रेल्वे कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत सामानाचा नुसता डोंगर झाला होता. नीलाचे बाबा वामनराव रेल्वेत कारकून. यंदा पास मिळाला होता आणि हापिसातल्या सावंतांनी आपल्या कोकणातल्या रिकाम्या घराची किल्ली दिली होती. घर समुद्राला लागून! तेरा वर्षांच्या नीलाने, तिच्या अकरा वर्षांच्या भावाने प्रभाकरने आणि सोबत निघालेल्या शेजारच्या वसंताने समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिला होता. चार वर्षांची धाकटी बहीण चिंगी तर समुद्राला 'मोठा हौद' म्हणायची. आणि दहा महिन्यांचा बाळ्या? त्याला काय, तो स्वतःच्या अंगठ्यावर खूश होता.

भैयाजी म्हणजे वामनरावांचे थोरले भाऊ. खाप्याला त्यांची शेती, आणि कन्हान नदी घरामागे. भर पुरात कन्हान पोहून पार केल्याची गोष्ट ते दर सुट्टीत सांगत, आणि दर वेळी नदीचं पात्र थोडं रुंद होई! घरात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. वामनराव तर त्यांच्यापुढे मान हलवण्यापलीकडे काही करतच नसत.

"भैयाजी, गोवऱ्या तिकडेही भेटतीन की," ते हळूच म्हणाले.

"कोकणातल्या गाई कशा असते कोणाले माहीत!" भैयाजी म्हणाले, आणि विषय संपला.

आगगाडी, मग एस.टी., मग दुसरी एस.टी. दोन्ही पोती आणि सगळी माणसं तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुखरूप पोचली!

सकाळी सात वाजता सगळे किनाऱ्यावर. समोर समुद्र, पण चांगलाच लांब सरकलेला. अलीकडे पांढरीशुभ्र वाळू आणि थोड्या अंतरावर वाळूचं एक सुंदर बेट. मध्ये घोटाभर पाण्याचा एक ओहोळ, तोही उडी मारून ओलांडता येईल असा.

"हे पाहा!" भैयाजींनी मांडी थोपटली. "हुबेहूब आपली कन्हान! परवा पार्टी इथंच! वाऱ्याची झुळूक, वरून सतरंजीचा मांडव. जेवलं की तिथंच आडवं व्हायचं!"

त्यांनी लगेच गोवऱ्यांचं एक पोतं बेटावर नेऊन ठेवलं. जागा धरून ठेवायला! वर एक काठी रोवली आणि तिला आपला जुना गमछा बांधला.

ओहोळाजवळ एक होडी कलती पडली होती. तिच्या सावलीत एक म्हातारा जाळं विणत होता. त्याचं नाव धोंडबा. त्याने मान वर केली.

"दुपारी थंय बसू नकात हां. पाणी भरता थंय."

"बरं बरं," भैयाजी म्हणाले, आणि पुढे गेल्यावर मिशीत हसले. "समजलं का गा वामन? आपण पायी गेलो तं याच्या डोंग्यात कोण बसन? घाबरवून राहिला तो आपल्याले!"

दहा वाजता सगळे घरात. कारण नागपूरचा माणूस मे महिन्यात दहा ते पाच घराबाहेर पडत नाही, मग तो नागपुरात असो की आणखी कुठे! इंदुताईंनी, म्हणजे नीलाच्या आईने, खिडक्यांना ओली चादर लावली, लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून पोरांच्या खिशात एकेक कांदा कोंबला, आणि मोठी माणसं घोरू लागली.

संध्याकाळी सहाला सगळे पुन्हा बेटावर गेले आणि भैयाजींचा आवाज अख्ख्या किनाऱ्यावर घुमला.

"चोरी! गोवऱ्यांची चोरी झाली!"

पोतं नाही, काठी नाही, गमछासुद्धा नाही!

"त्या डोंगेवाल्याचंच काम आहे हे," भैयाजी दात-ओठ खात म्हणाले. "परवाची पार्टी होऊ दे, मंग पाहतो त्याच्याकडे. दुसरं पोतं आहे आपल्यापाशी!"

धोंडबा लांबून पाहत होता. चोर म्हटलेलं त्याला ऐकू गेलं असावं. तो जाळं उचलून निघून गेला. नीलाला फार वाईट वाटलं.

"गोवऱ्या कोण चोरतं वं?" रात्री जेवणानंतर अंगणात वसंता पुटपुटला. वसंताचं डोकं गणितात चाले. "त्याच्या अंगणात तं ढीग लागला आहे गोवऱ्यांचा. मी पाहिला ना!"

"मग उद्या आपण शोधायचं," नीला म्हणाली. "दुपारी. सगळे झोपले की!"

"दुपारी? लू लागन ना!" प्रभाकर घाबरला.

"कांदा दोन घे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास तिघं मागच्या दाराने सटकले. सुरूच्या झाडांमधून जाताना वसंता थबकला. वाळूवर शेवाळ, नारळाच्या करवंट्या आणि काटक्या यांची एक लांबच लांब ओळ पडली होती, जणू कोणी झाडून कचरा एका रेघेत लावला होता. ती ओळ धरून ते चालत गेले. शंभर पावलांवर, एका सुरूच्या मुळांत अडकलेलं दिसलं... पोतं!

"सापडलं!" प्रभाकर ओरडला.

सुतळी तशीच करकचून बांधलेली. आत मात्र गोवऱ्या नव्हत्या, नुसता काळा चिखल होता! नीलाने बोट लावून चाटलं आणि थू थू केलं.

"शी! शेण खाल्लं!" प्रभाकर खो खो हसला.

"खारट आहे रे! शेण खारट असतं काय?"

वसंता मात्र हसत नव्हता. तो झाडांच्या फटीतून समोर बघत होता. "ते बेट," तो म्हणाला, "ते बेट कोठी गेलं?"

तिघंही पुढे धावले आणि जागच्या जागी उभे राहिले. बेट नव्हतंच! ओहोळ नव्हता, वाळू नव्हती. सुरूच्या पायथ्यापर्यंत समुद्रच समुद्र भरला होता, आणि काल कलती पडलेली धोंडबाची होडी मजेत डुलत होती!

"गावला मां पोतां?" मागून आवाज आला. धोंडबा. नीलाने आधी त्याची माफी मागितली, मगच प्रश्न विचारले. म्हातारा विरघळला. त्याने वाळूवर काटकीने रेघा ओढून सगळं समजावलं. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. आणि रोज साधारण पाऊण तास उशिरा. पूर्ण भरण्याच्या तीनेक तास आधी ओहोळ भरतो आणि तासभर आधी बेट बुडतं.

वसंताने बोटांवर हिशेब केला. "आज दोनला भरला. मंग उद्या पावणेतीनला. म्हणजे उद्या बारा वाजेपर्यंत मधला ओहोळ भरन, अन् दोनपर्यंत बेट बुडन!"

"आणि सकाळी अन् संध्याकाळी तो उतरलेला असतो," नीला सावकाश म्हणाली. "मोठी माणसं तेवढ्याच वेळी येतात. त्यांनी भरलेला समुद्र पाहिलाच नाही!"

उद्या दुपारी मोठी माणसं त्या बेटावर जेवून झोपणार होती. आईला पोहता येत नव्हतं, बाबांना येत नव्हतं. आणि आईच्या कुशीत बाळ्या असणार होता, चिंगी असणार होती! तिघं घराकडे सुसाट पळाले.

"भैयाजी! उठा! बेट बुडालं!"

भैयाजी उठले खरे, पण वेगळ्याच कारणाने. "भर उन्हात बाहेर गेले होते? लू लागून मरता काय रे पोट्टेहो?" त्यांनी दाराला कडी घातली, वर कुलूप लावलं. "पाच वाजेपर्यंत कोणी हलायचं नाही!"

"पण भैयाजी, समुद्र चढून आला!"

"समुद्राले काय पाय असते काय? त्या डोंगेवाल्यानं शिकवलं ना तुम्हाले हे?"

"आणि हे पोतं?" प्रभाकरने पुरावा पुढे केला.

"चोरानं फेकलं असन. गोवऱ्या गेल्या ना? मंग!"

संध्याकाळी सहाला भैयाजी मुद्दाम सगळ्यांना घेऊन गेले. पाणी ओसरलं होतं. बेट कोरडंठाक!

"कुठं आहे तुमचा समुद्र?" भैयाजी गडगडाटी हसले. वामनरावही हसले, कारण भैयाजी हसले होते.

नीलाने आईला एकटीला गाठलं. "आई, तू तरी ऐक वं!"

"बेटा, भैयाजी मोठे आहेत," इंदुताई म्हणाल्या. "ते म्हणतीन ते खोटं कसं असन? त्यांच्या शब्दाबाहेर मी कशी जाऊ?"

अंगणात तिघांची सभा भरली. "ऐकत नाहीत तं ऐकत नाहीत," नीला डोळे पुसून म्हणाली. "त्यांना आपण तिथून उठवायचंच! कसं, ते ठरवा."

"साप निघाला म्हणून सांगू?" प्रभाकर म्हणाला.

"भैयाजी साप मारत बसतीन."

मग वसंताच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. "भैयाजी कशासाठी दोन पोती गोवऱ्या घेऊन आले, सांगा बरं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला वरात बेटावर पोचली. गोवऱ्या पेटल्या, कणकेचे गोळे राखेत शिरले, पातेल्यात वांग्याची भाजी रटरटू लागली. बांबूंवर सतरंजीचा मांडव लागला. भैयाजींना इतकं आनंदात कोणी पाहिलं नव्हतं. नीलाचं मात्र सगळं लक्ष ओहोळाकडे. अकरा वाजता तिने पाहिलं, घोट्याएवढं पाणी पोटरीला लागत होतं.

"आई, बाळ्या कुरकुरून राहिला. मी त्याला झाडाखाली झोळीत झोपवते. चिंगीलेही नेते."

"ने बाई," इंदुताई म्हणाल्या. त्या राखेतून रोडगे काढत होत्या.

बाळ्या खांद्यावर, चिंगी वसंताच्या पाठीवर. दोघं ओहोळ ओलांडून किनाऱ्यावर पोचले. तिथे धोंडबा होडीपाशी उभाच होता. नीलाने सगळं सांगून ठेवलं होतं. बाळ्या झोळीत गेला, चिंगीला शिंपल्यांची ओंजळ मिळाली. नीलाने मोठा श्वास घेतला. निम्मं काम झालं!

वसंता परत बेटावर गेला. साडेअकराला रोडगे तयार झाले. राख झटकून ते टोपलीत रचले, वर पंचा झाकला. शेजारी तुपाची किटली.

"चला, पानं मांडा!" भैयाजींनी बाह्या सरसावल्या.

"मांडतो!" वसंता म्हणाला, आणि त्याने टोपली उचलली ती थेट डोक्यावर! प्रभाकरने किटली पकडली. आणि दोघं धूम पळाले, किनाऱ्याकडे!

क्षणभर भैयाजींना काही समजेच ना. "अरे! अरे! रोडगे!"

"भैयाजी, रोडगे पाहिजे तं या!" प्रभाकर पळता पळता ओरडला.

"थांबा रे चोट्टेहो!" भैयाजी धोतर खोचून धावले. त्यांच्यामागे वामनराव. आणि आता पोरांची हाडं मोडणार या भीतीने इंदुताईही पातेलं तसंच टाकून धावल्या. ओहोळात पाणी गुडघ्यावर आलं होतं. "हळू! हळू!" म्हणत वामनरावांनी इंदुताईंचा हात धरला. रागाच्या भरात पाण्याकडे कोणी पाहिलंच नाही!

सुरूच्या झाडाखाली भैयाजींनी वसंताचा कान पकडला. वसंताने टोपली घट्ट धरून ठेवली होती.

"आता सांग, काहून पळाला?"

"भैयाजी," नीला म्हणाली. तिची मान ताठ होती. "मला पाहिजे तेवढं मारा. आधी मागं पाहा!"

भैयाजींनी मागे पाहिलं.

ज्या ओहोळातून ते आत्ता आले होते, त्यातून लाटांचा फेस उसळत वाहत होता. समुद्र दोन्ही बाजूंनी बेटाला कुरतडत होता. बघता बघता पाणी निखाऱ्यांत शिरलं, फस्स करून वाफेचा ढग उठला. वांग्याची भाजी पातेल्यासकट तरंगू लागली. मग सतरंजी लोळली. दोन वाजेपर्यंत पाण्यावर चार बांबूंची टोकं तेवढी दिसत होती.

भैयाजींच्या हातून कान केव्हाच सुटला होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इंदुताईंनी झोळीतला बाळ्या उचलून उराशी धरला, मग चिंगीला ओढलं, मग नीलाला. त्या नुसत्या रडत होत्या.

"मी जेवून तिथं झोपणार होतो," वामनराव पुटपुटले. आणि मग जन्मात कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. मोठ्या भावाकडे सरळ पाहून ते ठणकावून बोलले. "भैयाजी, या पोरांनी काल सांगितलं होतं. आपण ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. हे तुम्ही आता मान्य करा, अन् मीही करतो!"

भैयाजी खाली मान घालून उभे राहिले. मग त्यांनी तिघांना एकदमच कवेत घेतलं, इतकं जोरात की तूप सांडायला आलं. "पोट्टेहो, मी कन्हान पोहलो म्हणून समुद्राले शहाणपण शिकवून राहिलो होतो. तुम्ही मात्र विचारलं, मोजलं, अन् घरातली माणसं वाचवली. असे हुशार लेकरं मी अख्ख्या नागपूर जिल्ह्यात पाहिले नाही!"

तेवढ्यात धोंडबा होडी वल्हवत आला. त्याने पातेलं आणि सतरंजी काढून आणली होती. भैयाजी गुडघाभर पाण्यात गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले. "धोंडबा, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तुम्हाले चोर म्हटलं. माफ करा मले."

"झाला ता झाला," धोंडबा म्हणाला. "पोरां मात्र हुशार हत तुमची."

त्याला आग्रहाने सगळ्यांच्या मधोमध बसवलं. पहिला रोडगा भैयाजींनी आपल्या हाताने चुरून त्याच्या पानात वाढला आणि वर तुपाची धार सोडली. भाजी समुद्राने खाल्ली होती, त्यामुळे रोडगे गुळाशीच खावे लागले. पण ते कसे लागले म्हणून काय विचारता! प्रभाकरने पाच खाल्ले.

दुपारचे तीन वाजले. खिशातले कांदे कधीच चिंगीच्या खेळात गेले होते आणि घरात जाऊन झोपायचं कोणाच्या लक्षातही नव्हतं. समुद्र काठोकाठ भरून सुरूच्या मुळांशी खळखळत होता, निळा, अफाट, पार क्षितिजापर्यंत. इंदुताई बाळ्याला मांडीवर घेऊन समुद्राकडे बघत राहिल्या.

"तीन दिवस झाले येऊन," त्या हळूच म्हणाल्या, "अन् समुद्र आम्ही आज पाहिला. तोही तुम्ही दाखवला म्हणून."

त्यांनी नीलाचा हात आपल्या हातात घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही.