डॉर्कस आजीचा कप

दफनाच्या दिवशी दुपारी आईने मला डॉर्कस आजीच्या घरी कप आणायला पाठवलं. कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या बेटावर माणूस गेलं, की त्याने शेवटचा घोट ज्यातून घेतला तो कप त्याच्या थडग्यावर फोडतात. कप फुटला की साखळी तुटते. नाही फुटला, तर गेलेलं माणूस घरातल्या एकेकाला हाका मारत राहतं.

कप खिडकीत होता. पांढरा, निळ्या काठाचा, तळाशी तिच्या कडू पाल्याच्या चहाचा डाग. मी तो रुमालात धरून आणला. काठाला बोटही लागू दिलं नाही.

बाबांनी तो दारातच माझ्याकडून घेतला.

आजी म्हणजे बाबांची आत्या. तिला मूलबाळ नव्हतं. आईकडून लेकीकडे आलेलं तिचं रक्त तिच्यापाशीच संपत होतं. आपल्या बायकांना गुलाम करून समुद्रापलीकडच्या कुठल्या गावातून आणलं, ते आता थुंकीवरून कळतं, असं सांगून बाबा थुंकीच्या नमुन्यासाठी तिला वर्षभर विनवत होते.

"विकत घेताना त्यांनी माझ्या पणजीचं तोंड उघडून दात तपासले," ती म्हणायची. "आता मी आपणहून तोंड उघडू होय? चल, कोळंबी सोल गुपचूप."

थडग्यावर बाबांनी कप आपटला.

"जोरात रे एलकेना, तुझी आत्या बहिरी होती!" शेजारच्या थिओडोशा काकू म्हणाल्या. रडतारडता सगळे हसले.

मी तुकड्यांकडे बघत होते. काठ निळाच होता, पण तळाला डाग नव्हता. तो आमच्या कपाटातला, तसलाच दुसरा कप होता.

मी तळाचा तुकडा पायाने मातीत दाबला. बाबांच्या चेहऱ्यावर एवढी आशा मी कधी पाहिली नव्हती.

खरा कप शहरातल्या प्रयोगशाळेत गेला. त्यानंतर रोज सकाळी माझं तोंड कडू असायचं. आई म्हणाली, पित्त असेल.

फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. बाहेर दलदलीत भरतीचं पाणी चढत होतं, चिखलाचा वास घरभर पसरला होता. बाबांनी आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"या कपाला किती जणांनी तोंड लावलं होतं?" प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं.

"एकटीने. माझ्या आत्याने."

"नाही... पुष्कळ बायका आहेत. मोजता येत नाहीत. सगळ्या एकाच आईच्या वंशातल्या."

"एवढ्या बायका आमच्या घरात नाहीतच. बरं, गाव... गाव कुठलं?"

"तिकडच्या जेवढ्या लोकांचे नमुने आमच्याकडे आहेत, त्यांतल्या कुणाशीच जुळत नाही."

"कुणाशीच?"

"नाही. आणि एक वेगळी आहे. तिची आई दुसऱ्या वंशातली, पण ती तुमच्या नात्यातलीच. लहान मुलगी. तिची लाळ सगळ्यात ताजी आहे..." बाई थांबल्या. "कप आमच्या कुलपात असताना लागलेली. कशी, ते मला सांगता येत नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांनी.

"केतुरा... तू प्यायलीस त्यातून?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

कप परत आला त्याच संध्याकाळी बाबा तो घेऊन थडग्यावर गेले. मी त्यांच्या मागे होते. थिओडोशा काकू फाटकाशी उभ्या होत्या.

"आता कशाला?" त्या हळूच म्हणाल्या. "साखळी माती देतानाच तुटते रे. नंतर नाही."

बाबांनी ऐकलं नाही. कपाचा चुरा होईपर्यंत ते आपटत राहिले. मग गुडघ्यांवर बसले.

"आत्या, चूक माझी आहे... हिला सोड..."

ओकच्या झाडावरून लोंबणारं शेवाळ जराही हलत नव्हतं. महिनाभर कोरडा असलेल्या त्या कपाचे तुकडे ओले होते. त्यांना चहाचा वास येत होता.

आज सकाळी माझं तोंड कडू नव्हतं. खारट होतं. आरशात पाहिलं, तर खालच्या ओठाला बारीक, सरळ चीर पडली आहे, फुटक्या काठाने पडावी तशी.

स्वयंपाकघरात बाबा कित्येक दिवसांनी गुणगुणत आहेत. मी ओठ आत दाबून बसले आहे.