मी तुमची गाडी बोलून राह्यली

लोणारला सहली नेणाऱ्या गाड्या खामगावात पुष्कळ आहेत. धम्मशीलाची त्यातलीच एक. बत्तीस सीटांची, पांढरी, मागचा बंपर तारेने आवळलेला. वेगळेपण म्हणाल तर दोनच गोष्टींचं. ती चालवायला बाई बसते, आणि गाडी बोलते.

बोलते म्हणजे त्यात करणी-बिरणी काही नव्हती. धम्मशीलाचे वडील जानराव तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली आणि वाटेवरच्या एकेका गावाची माहिती स्वतःच्या आवाजात पेनड्राइव्हमध्ये भरली. माहिती सांगायची ती मात्र गाडीच्या तोंडून, ही त्यांची खोड. "नमस्कार मंडळी! मी तुमची गाडी बोलून राह्यली. माह्या पोटात नीट बसा, मुंडकी बाहेर काढू नका." मिशीवाल्या माणसाच्या जाड आवाजात "मी थकली आता, चहा पिते" हे ऐकून पोरं तर पोरं, मास्तरसुद्धा खिदळायचे. गाव आलं की बटण दाबायचं, गाडी बोलायची. आणि सहलीच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य: "सहल इथं संपली मंडळी, आपापल्या घरी सुखी राहा." ते वाजल्याशिवाय जानराव कोणाला उतरू देत नसत. एसटीत डेपो गाठल्याशिवाय फेरी पुरी होत नाही, हा नियम त्यांच्या हाडात मुरला होता.

त्यांना वेड होतं अमेरिकेचं. जेवणं झाली की मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ते आणि सिंधूताई, म्हणजे धम्मशीलाची आई, तिकडच्या टूर बसचे व्हिडिओ पाहत बसायचे. "एक दिवस तुले नेतोच," असं ते म्हणायचे. दोघांचे पासपोर्टही काढून झाले होते. पण जुलैमध्ये एका दुपारी जेवता जेवता जानरावांचा घास हातातच राहिला.

मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे जलंबला रेल्वेने उतरले. त्यांना आणायला धम्मशीला गाडी घेऊन गेली. बाबांचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून तिने स्वागताचं बटण दाबलं. "नमस्कार मंडळी!" गाडीभर माणसं रडली. घरी वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे जसजसे जमेल तसतसे ऑटोने, मोटारसायकलने गेले. शेवटचं वाक्य वाजवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्या दिवशी कोणाचं डोकं जागेवर होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला धम्मशीला अंगणात कपडे वाळत घालत होती. गाडी बंद, किल्ली तिच्या कमरेला. आणि गाडी बोलली.

"मंडळी, मी तुमची गाडी बोलून राह्यली. न्यूयॉर्क मागं टाकलं आता. डाव्या हाताले नदी हाय, नाव मले वाचता येत नाई. पण पाणी लय."

तिला आधी हसूच आलं. बाबांनी हेही भरून ठेवलं होतं तर! तिने पेनड्राइव्ह काढून आपल्या पोराच्या कॉम्प्युटरवर तपासला. त्रेचाळीस तुकडे. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा, जानेफळ. अमेरिकेचं नाव नव्हतं. पेनड्राइव्ह तिच्या हातात असतानाच बाहेरून आवाज आला की रस्ता गुळगुळीत आहे आणि टायरला बरं वाटतं आहे.

निवृत्तीकाका जानरावांबरोबरचे जुने कंडक्टर, आता गाडीवर दार सांभाळत. त्यांनी ऐकलं आणि कानाला हात लावले. "शीला, माह्यं ऐक. लिंबू-मिरची बांध पुढं."

"आपल्या घरात नाई बांधत, काका. बाबांनी जन्मभर नाई बांधली. आता त्यायच्यासाठीच बांधू काय?"

"मंग गाडी इकून टाक."

"काऊन इकू? गाडी माही हाय."

वायरिंग तपासणाऱ्या मिस्त्रीला तिने बोलावलं. त्याने अ‍ॅम्प्लिफायर काढला, वायरी कापल्या, चार स्पीकर जागेवर ठेवले कारण काढले तर छताला भोकं दिसली असती. अ‍ॅम्प्लिफायर स्वयंपाकघरातल्या फळीवर, डाळीच्या डब्याशेजारी गेला. दुसऱ्या दिवशी अकराला गाडी म्हणाली, "इथं मक्का हाय मंडळी, निस्ता मक्का. आपल्या वरवट बकालच्या पट्ट्यावानी सपाट. पण वावरात माणूस दिसत नाई."

माणसाला सगळ्याची सवय होते. धम्मशीलालाही झाली असती. रस्त्यावर गाडी गप्प असे, बोलायची ती फक्त अंगणात उभी असताना. बोलेना का बिचारी. पण तिच्या एक गोष्ट लक्षात आली आणि मग तिची झोप उडाली. अकरा वाजले की सिंधूताई पदर नीट करून गाडीत जाऊन बसत. ड्रायव्हरच्या मागची, खिडकीजवळची सीट.

"बस ना वं माय घरात. काय आयकतं त्यात?"

"तुह्ये बाबा दाखवून राह्यले," सिंधूताई म्हणाल्या. "आज मोठा धबधबा हाय."

तासाभराने त्या उतरल्या तेव्हा त्यांचा पदर ओला होता. नुसता दमट नाही, पिळता येईल इतका ओला. अंगणातला नळ चार दिवसांपासून बंद होता. धम्मशीलाने पदर पिळला आणि पाणी हातावर घेतलं. ते बर्फासारखं गार होतं.

दिवाळीनंतर सिंधूताईंच्या पायांना धूळ दिसू लागली. लाल. खामगावच्या कोणत्याही वावरात जा, पायाला काळी मातीच लागेल, ती दोन दिवस निघत नाही. ही लाल होती, बारीक, हळदीसारखी बोटांच्या रेघांत बसणारी. "लय खोल दरी हाय वं," एवढंच त्या म्हणाल्या. "आपलं लोणार त्यात कुठंच्या कुठं जाईन."

माणूस ओला होऊन येतो, धुळीने भरून येतो, इथपर्यंत धम्मशीलाने सोसलं. पण आई दरवेळी थोडी कमी होऊन येत होती. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. हाक मारली की तिसऱ्या हाकेला वळून पाहत. एकदा त्यांनी पोराला, स्वतःच्या नातवाला विचारलं, "कोणाचा रे तू?" त्या रात्री धम्मशीला ढसाढसा रडली आणि सकाळी उठली ती पदर खोचूनच. बाबांवर तिचा जीव होता. पण मेलेल्या माणसाने जित्या माणसाला असं घासाघासाने न्यावं, हे तिला मान्य नव्हतं.

तिने अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा जोडून घेतला, पेनड्राइव्ह लावला आणि शेवटचं बटण दाबलं. राहिलेलं वाक्य वाजू दे, फेरी पुरी होऊ दे.

स्पीकर खरखरला. "सहल इथं..." बाबांचा आवाज थांबला. मग अगदी सहज, गप्पा माराव्यात तसा म्हणाला, "नाई मंडळी. अजून समुद्र रायला."

त्यानंतर तिने बटणाला हात लावला नाही.

जानेवारीत वरवट बकालच्या महिला मंडळाची लोणारची सहल ठरलेली होती. सकाळी सात वाजता धम्मशीला अंगणात आली, तर सिंधूताई गाडीत बसलेल्या. जरीकाठाचं लुगडं, केसांना तेल, मांडीवर पासपोर्ट.

"उतर माय."

"आज शेवटचा मुक्काम हाय म्हणते तुह्ये बाबा. लाल पूल हाय तिथं, समुद्रावर. तिथं उतराचं."

"कोणी उतराचं?"

सिंधूताई नुसत्या हसल्या. दंड धरून ओढलं तर त्या हलल्या नाहीत, आणि ते दंड इतके हलके लागले की धम्मशीलाने घाबरून हात सोडले. क्षणभर ती दारात उभी राहिली. मग स्टिअरिंगवर जाऊन बसली.

"बस मंग," ती म्हणाली. पण ते नुसतं आईला नव्हतं, बाबांनाही होतं. "माह्या गाडीत, माह्या रस्त्यानं. पाहू कोण उतरवते."

निवृत्तीकाकांना तिने एकच ताकीद दिली. काही झालं तरी चालत्या गाडीचं दार उघडायचं नाही.

जाताना काहीच झालं नाही. बायकांनी गाणी म्हटली, मंडळाच्या मनकर्णाबाईंनी सगळ्यांना तिळाचे लाडू वाटले. लोणारला सरोवराच्या काठावर धम्मशीला आईचा हात धरूनच फिरली. हिरवट पाण्याकडे पाहून सिंधूताई म्हणाल्या, "लहान हाय." एवढंच.

परतीला मेहकर सोडलं तेव्हा चार वाजत आले होते. स्वच्छ ऊन. दोन्ही बाजूंना तूर वाळत आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. मागच्या बायका पेंगत होत्या.

"मंडळी," स्पीकर म्हणाले. "मी तुमची गाडी बोलून राह्यली."

चालत्या गाडीत ती पहिल्यांदाच बोलत होती. मनकर्णाबाई जाग्या झाल्या. "हे काय वं, टेप लावली काय?"

"पूल दिसू लागला. लाल हाय, लय उंच. धुकं हाय, पण पाणी आयकू येते. उतरणारानं उभं रायजा."

सिंधूताई उठल्या.

आरशात धम्मशीलाने ते पाहिलं आणि तिचा पाय ब्रेककडे गेला. मग तिथेच थबकला. गाडी थांबली तर दार उघडणार. दार उघडलं तर आई उतरणार, आणि उतरेल ती मेहकरच्या रस्त्यावर नाही. तिने पाय उचलला आणि अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला.

निवृत्तीकाका दाराला पाठ लावून उभे होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "शीला, कडी आपोआप फिरून राह्यली. मले आवरत नाई."

"धरून ठेवा!"

"इथं वारा लय हाय मंडळी," जानराव म्हणाले. "सिंधू, पदर सांभाळ."

गाडीत खरोखर वारा शिरला. खारा, गार, मासळीच्या वासाचा. एक बाई किंचाळली.

आणि धम्मशीला ओरडली. माईक नाही, बटण नाही, गळ्यातून.

"मंडळी! मी तुमची गाडी बोलून राह्यली! डाव्या हाताले तूर हाय! उजव्या हाताले हरभरा! पुढं जानेफळ हाय, जानेफळ! माय, तुह्यं माहेर!"

"पुलावर चढलो," जानराव म्हणाले.

"पूल नाई! नाला हाय, आन् त्याले पाणीबी नाई! ते पाह्य मोठं कडुलिंबाचं झाड, तिथं तुह्या बापानं तुले झोका बांधला होता! तूच सांगतलं मले!"

सिंधूताईंचा हात दाराच्या दांडीवर होता.

"खाली समुद्र हाय, मंडळी."

"खाली काळी माती हाय! ह्या मातीत तू नऊ महिन्याचं पोट घेऊन कापूस वेचला! ते पोट म्हणजे मी! बाबा, तुम्ही आयका. ही माय माही हाय. मी नाई देत!"

मागून मनकर्णाबाई उठल्या. त्यांना काय कळलं कोण जाणे. बायकांना अशा वेळी फार समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी सिंधूताईंना कमरेला धरलं आणि त्याही ओरडू लागल्या, "जानेफळ आलं वं बाई, जानेफळ!" मग दुसरी, मग पाचवी. गाडीभर बायका दिसेल त्या गोष्टीचं नाव घेऊन ओरडत होत्या. बैल. मोटर. शाळा. गवरी. निळा झेंडा.

गावाची पाटी मागे गेली.

वारा थांबला.

निवृत्तीकाकांनी कडीवरचा हात सोडला. तळव्याची साल निघाली होती.

सिंधूताई सीटवर बसल्या. खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाल्या, "जानेफळ." बायका टाळ्या वाजवू लागल्या, दोघी-तिघी रडल्या. मनकर्णाबाईंनी लाडू पुढे केला आणि सिंधूताईंनी तो अख्खा खाल्ला. धम्मशीलाला रडू आणि हसू एकदमच आलं. डोळे पुसत ती गाडी हाकत राहिली. आई गाडीत होती. तिने बापाला हरवलं होतं, आणि त्याबद्दल तिला कणभर वाईट वाटत नव्हतं.

उंद्री मागे पडली. ऊन तिरपं झालं.

स्पीकर पुन्हा बोलले. पण आवाज लांबून येत होता, पल्याडच्या वावरातून कोणी बोलावं तसा, आणि तो आता गाडीचा राहिला नव्हता. एक माणूस कोणाला तरी काहीतरी दाखवत होता. त्याच्यामागे लाटा होत्या. मग एक बाई हसली.

"अगं माय वं," बाई म्हणाली. "केवढं हाय हो हे पाणी!"

धम्मशीलाच्या हातात स्टिअरिंग गार झालं. तो आवाज तिने जन्मल्यापासून ऐकला होता. त्याच आवाजाने तिला झोपवलं होतं, शाळेत धाडलं होतं. तिने आरशात पाहिलं. आई मागे बसलेली होती. तोंड मिटलेलं. बोटाला लागलेले तीळ निवांत चाटत होती.

लांब कुठेतरी ती बाई पुन्हा हसली.

सिंधूताईंनी कान देऊन ऐकलं. मग पुढे वाकून, परक्या ड्रायव्हरला विचारावं तशा अदबीने विचारलं, "कोण हाय हो बाई हे? लय खुश दिसते."