बिहीच्या बिया

नळाच्या तोंडाशी लोंबलेला बर्फ मी कालथ्याने फोडत होते, आणि एक अनोळखी माणूस शेजारी उभा राहून मला शहाणपण शिकवत होता.

"हातांना जपा जरा," तो म्हणाला. "चिल्ले कलां सुरू झालंय. चाळीस दिवसांच्या या कडक थंडीत भेगा पडतील."

मी वर पाहिलं. अंगात करडं, घोळदार फेरन, भुवयांवर बर्फाची भुकटी, आणि दोन्ही बाह्या रिकाम्या लोंबत होत्या. म्हणजे साहेबांचे हात झग्याच्या आत निखाऱ्यांच्या कांगडीवर मजेत शेकत होते. डोळे... डोळे बरे होते, पण ते मी पुढे कधीतरी कबूल केलं. त्या क्षणी मला फक्त त्या कांगडीचा राग आला.

"पडतील नाही, पडल्यात," मी म्हणाले. "कांगडी देता का इकडे? नाही ना? मग लागा चालायला."

तो हसला आणि खरंच चालायला लागला. गल्लीच्या वळणावर त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मला ते दिसलं, कारण मीही बघत होते. रागानेच बघत होते.

माझं नाव दिलशादा. मी पश्मिना कातते. मोजीने, म्हणजे माझ्या आईने, मला चरख्यावर बसवलं तेव्हा माझे पाय जमिनीला नीट टेकतही नव्हते. आज आमच्या सफाकदलच्या मोहल्ल्यात माझ्याइतका बारीक धागा कुणी कातत नाही, हे मी स्वतः सांगते, कारण घरात दुसरं कुणी सांगणार नाही. ही लोकर इतकी मऊ की बोटाला जराशी भेग असली तरी तंतू तिथे अडकतो, तुटतो, धाग्याला गुठळी येते. तेल लावून चरख्यावर बसावं तर लोकरीला डाग. आमच्या धंद्यात हिवाळ्यातली कातडी म्हणजे नटण्यामुरडण्याची गोष्ट नाही.

आणि या हातांनी मी काय करत होते? घरभराच्या माणसांची भांडी घासत होते. बर्फाच्या पाण्यात. बंबातलं तापलेलं पाणी थोरल्या भावाच्या, नजीरच्या अंघोळीसाठी. भाबीला संधिवात, तिचं एक वेळ सोडा. पण नजीरला काय झालं होतं?

त्याच आठवड्यात मी धाग्याची गुंडी घेऊन हबीब काकांकडे गेले. काका आम्हा कातणाऱ्यांना लोकर देतात आणि धागा परत घेतात. त्यांच्या माडीवर खिडकीपाशी पांढऱ्या चादरीवर तोच बसला होता. नळावरचा शहाणा. अमृतसरहून परत आलेला आपला पुतण्या, तन्वीर, असं काकांनी सांगितलं. रफूगर आहे, शालीतलं भोक असं बुजवतो की विणणाऱ्यालाही सापडू नये. यापुढे धागा तोच पारखणार.

त्याने मला ओळखलं. मान खाली घालून त्याने माझा धागा बोटांतून हळूच सरकवला, थांबला, पुन्हा सरकवला. मग म्हणाला, "कातणाऱ्याचा हात उत्तम आहे. पण... हाताला भेगा आहेत. त्या धाग्यात उतरल्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी लगेच निकाल दिला. येत्या वसंतात एका कनी शालीचं, म्हणजे लाकडी काड्यांनी नक्षी विणलेल्या शालीचं, काम मागावर चढणार होतं, त्याची सगळ्यात बारीक लोकर त्यांनी माझ्यासाठी राखली होती. चिल्ले कलां सरेपर्यंत धागा गुळगुळीत झाला तर ती माझी. नाहीतर ती दुसरीला, आणि मला जाडीभरडी. अशा शालीचा धागा माझ्या आईनेही कधी कातला नव्हता. मला तो कातायचाच होता.

घरी ही बातमी सांगितली आणि सल्ल्यांचा नुसता पूर आला. मोजी म्हणाली, बदामाचं तेल चोळ. भाबी म्हणाली, ग्लिसरीन आणि गुलाबपाणी. शेजारची राजा आपा म्हणाली, साय. नजीरने तर कमालच केली. बाजारातून क्रीमची बाटली आणली, टीव्हीवर ती गोरीगोमटी बाई गालाला लावते तीच. महागातली आहे, असं दोनदा सांगून त्याने ती फळीवर ठेवली, आणि तिच्याच खाली आपलं भात चिकटलेलं ताट ठेवून तो निघून गेला. मी त्या बाटलीकडे पाहिलं, त्या ताटाकडे पाहिलं. रडू आलं असतं, पण मी इतकी संतापले होते की रडायलाही जमेना.

दुसऱ्या दिवशी नळावर पुन्हा तन्वीर. या वेळी त्याने एक हात बाहेर काढला आणि कागदाची छोटी पुडी पुढे केली. त्यात बिहीच्या फळाच्या बिया होत्या.

"रात्रभर पाण्यात भिजवल्या की बुळबुळीत चीक सुटतो," तो म्हणाला. "तो लावा. लगेच वाळतो, लोकरीला डाग पडत नाही. आम्ही रफूगर हेच लावतो. मी त्या दिवशी... तुमचं मन दुखवायचं नव्हतं मला. खोटं बोलता येईना, एवढंच."

आवाज मऊ होता त्याचा. गाल थंडीने लाल झाले होते, की आणखी कशाने, कोण जाणे. ते मी बघत राहिले, आणि त्याचाही मला राग आला.

"बिया नकोत मला," मी म्हणाले. "तेल नको, साय नको, क्रीम नको. गावभरचे लोक मला काय लावायचं ते सांगतायत. एक तरी माणूस म्हणाला का, आण इकडे, आज मी घासतो? तुम्ही कधी घासलीयत भांडी? या पाण्यात?"

"नाही," तो म्हणाला.

"मग आधी स्वतःच्या घरची घासून बघा. मग या माझ्याशी हातांबद्दल बोलायला."

मी ताडताड निघाले. पुडी माझ्या मुठीत तशीच होती, हे घरी गेल्यावर लक्षात आलं. टाकून द्यावी म्हटलं... मग तांदळाच्या डब्यामागे ठेवली.

त्यानंतर तो नळावर दिसेना. दिसेना तर दिसेना, मला काय त्याचं? तरी कालथा हातात घेऊन मी वळणाकडे बघत बसे आणि पाणी पुन्हा गोठे. मग एक दिवस राजा आपा हसत हसत सांगत आली, की पलीकडच्या आळीत नवीनच तमाशा चाललाय. अमृतसरहून आलेला रफूगर रोज तिथल्या नळावर आईची भांडी घासतो. आई दारात उभी राहून डोक्याला हात लावते, बायका खिडक्यांतून बघतात, आणि तो खाली मान घालून पातेली खरवडतो.

मी हसले नाही. मी रागाच्या भरात बोललेली गोष्ट एका माणसाने ऐकली होती. माझ्याच घरात ती ऐकवायची हिंमत मला झाली नव्हती.

त्या दुपारी मी जेवणानंतर उठून सरळ चरख्यावर जाऊन बसले. भांडी तशीच. संध्याकाळी भात वाढायला ताट नव्हतं. नजीर ओरडला. मी फळीवरची क्रीमची बाटली आणून त्याच्या हातात दिली. "घासून झाल्यावर लाव," मी म्हणाले. "महागातली आहे."

मोजी हसू लपवायला ओढणीचा पदर तोंडाशी धरून बसली. नजीर दोन दिवस फुगला होता. उष्टी भांडी त्याच्यापेक्षा जास्त हट्टी निघाली. शेवटी त्याने बाह्या सरसावल्या, पण बाहेरच्या पाण्यात हात घालताच ओरडत आत आला आणि बंबातलं गरम पाणी घेऊन गेला. इतकी वर्षं ते पाणी भांड्यांसाठी नव्हतं! मी संतापाने नुसती बघत राहिले.

हातांच्या भेगा मात्र भरून आल्या. धागा पुन्हा वाहायला लागला. थंडी ओसरत आली तेव्हा मी गुंडी घेऊन काकांच्या माडीवर गेले.

तन्वीर खिडकीपाशी होता. बाह्या रिकाम्या, हात फेरनच्या आत. मनात म्हटलं, बसलाय पुन्हा कांगडी कुरवाळत. काकांनी त्याला धागा बघायला सांगितलं. तो उगाच घुटमळला, मग हळूच एक हात बाहेर काढून त्याने धागा बोटांत घेतला.

धागा अडकला.

काकांनी ते पाहिलं. "अजून खरखरीत आहे का रे?"

गुळगुळीत होता धागा, मला माहीत होतं. माझ्या बोटांना माहीत होतं. पण पारखणारा तो. त्याने नुसतं हूं म्हटलं असतं तरी माझी लोकर गेली असती.

त्याने दोन्ही हात चादरीवर ठेवले. लाल, सुजलेले, बोटांच्या पेरांवर उभ्या चिरा.

"धागा नाही अडकत, काका," तो म्हणाला. "मी अडकतोय."

काकांचा पारा असा चढला की खिडकीच्या काचा हादरल्या असत्या. रफूगराच्या पोरा, या हातांनी तू आता शालीला सुई कशी लावणार, कोण तुला काम देणार, सगळं काढलं त्यांनी. मग काकांनी माझा धागा स्वतःच्या ओठांवरून फिरवला, डोळे मिटले, आणि आतल्या कपाटातून ती बारीक लोकर आणून माझ्या मांडीवर ठेवली. ढगाचा तुकडा उचलावा इतकी हलकी होती ती. मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. मी त्या हातांकडे बघत होते.

घरी येऊन मी डब्यामागची पुडी काढली आणि बिया वाटीत भिजवल्या.

सकाळी तो नळावर आला, मला वाटलंच होतं येईल. मी वाटी घेऊन उभी होते.

"तुम्हाला अक्कल आहे का?" मी म्हणाले. "रफूगराने हातांची ही दशा करून घ्यायची? मी काय, रागात काहीही बोलते. ते सगळं खरं करायचं असतं का?"

"तुम्हीच म्हणालात... मग या बोलायला."

"मग बोला."

त्याने आधी वळणाकडे पाहिलं. गल्लीत आम्ही दोघंच होतो, आणि छपरांवरचा बर्फ वितळून थेंब थेंब गळत होता.

"माझी मोजी रोज विचारते," शेवटी तो म्हणाला, "ही भांडी घासायला तू कुणासाठी शिकतोयस? मी अजून सांगितलं नाही. नाव सांगू का... तुमचं?"

माझे कान तापले.

"सांगा," मी म्हणाले. "आणि मुलीची अट आहे म्हणावं. पाणी आधी तापवायचं. आणि भांडी आळीपाळीने."

"आणि तुम्ही रागावलेल्या असाल त्या दिवशी?"

"त्या दिवशी तुम्हीच."

"म्हणजे रोज मीच," तो म्हणाला.

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं! ते दाबत मी त्याचा हात बाहेर काढायला लावला आणि वाटीतला चीक चमच्याने त्याच्या तळव्यावर ओतला. पसरवायचं काम त्याचं होतं. पण पेरांवरच्या त्या चिरा त्याला नीट दिसत नव्हत्या, म्हणून मी एकच बोट टेकवलं... मग दुसरं. तो श्वास धरून उभा राहिला. धागा तुटू नये म्हणून चरख्यावर मी जशी हळू होते, तशीच झाले.

"दुखतंय?" मी विचारलं.

"नाही."

"खोटं बोलता येत नाही म्हणाला होतात."

"दुखतंय," तो म्हणाला. "थांबू नका."

मी थांबले नाही. राग अजून पुरता गेला नव्हता. नजीरचा, त्या बंबाचा, या वेड्या माणसाचाही.

"दुसरा हात द्या," मी म्हणाले.