पिंगळी रोडवरची पांढरी गाडी

"ताई, परत बंद पडलं."

फोनवर पूर्णेचा शिवप्रकाश होता. रडून रडून माणूस कोरडा पडावा तसा त्याचा आवाज लागत होता.

"कधी?" धनश्रीने विचारलं.

"आत्ताच. ती फिल्म साफ करायला लावली की फटकन अंधार. पडद्यावर काही लिहून येत न्हाई. कुनी मागून वायर उपसल्यावानी."

धनश्रीने परभणीतलं आपलं कॉम्प्युटरचं दुकान बंद केलं आणि पूर्णेची बस धरली. शिवप्रकाश लग्नाच्या शूटिंगची कामं करायचा. त्याच्या स्टुडिओतलं ते मशीन तिनेच स्वतःच्या हातांनी जोडून दिलं होतं.

पण आता त्यात लग्नाची फिल्म नव्हती. महिन्याभरापूर्वी पिंगळीजवळ त्याच्या बहिणीच्या, महेश्वरीच्या स्कूटीला कुठल्याशा गाडीने उडवलं होतं. गाडीवाला पळून गेला, महेश्वरी वाचली नाही. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात स्कूटी गेलेली दिसत होती आणि तिच्या मागून एक पांढरा फराटा. टेम्पो की कार की आणखी काही, पोलिसांनाही सांगता येईना. मग त्यांनी सांगणंच सोडलं. शिवप्रकाशने मात्र ती फिल्म मागून आणली. एकामागून एक चित्रं एकमेकांवर बसवून पुसट नंबर उजळवणारा प्रोग्राम त्याने मशीनवर चढवला होता. त्या कामात ग्राफिक्स कार्डाचा नुसता घाम निघतो. आणि दरवेळी ऐन कामात मशीन मरत होतं.

स्टुडिओ घराच्याच पुढच्या खोलीत होता. दारात शिवप्रकाशचे वडील, वीरुपाक्षआप्पा, हातातली विभूतीची डबी नुसतीच फिरवत बसले होते. आत शिवप्रकाशचा भागीदार रंगनाथ कॅमेरे पुसत होता. शाळेपासूनचा दोस्त. महेश्वरीच्या मातीला खड्डा खणायला पहिला तोच उतरला होता.

"लग्नाचं काम करताना बंद पडतं?" धनश्रीने विचारलं.

"न्हाई. परवाच अख्खा अल्बम काढला," शिवप्रकाश म्हणाला.

"धूळ?"

"झाडली. तुमी सांगितलं तसं पंखे बी साफ केले."

तिने प्रोग्राम चालू केला आणि तापमानावर नजर ठेवली. आकडे वर चढले, पण घाबरण्याजोगे नव्हते. तेवढ्यात फटकन अंधार. म्हणजे उष्णता नाही. तिने मधला यूपीएस काढून वायर थेट भिंतीत लावली. पुन्हा अंधार. म्हणजे यूपीएसचाही दोष नाही, आणि खोलीतला दिवा तर जळतच होता.

"कार्डच गेलं असंल," शिवप्रकाश हताशपणे म्हणाला.

"कार्ड गेलं असतं तर पडद्यावर रेघा आल्या असत्या, चित्र फाटलं असतं. हे ठणठणीत असतं आणि एकदम मरतं."

तिने सेटिंगमध्ये जाऊन कार्डाला अर्ध्याच विजेवर बांधून टाकलं. काम रांगत चालू झालं, पण मशीन बंद पडेना. धनश्रीच्या कपाळावर आठी आली. कार्ड उपाशी होतं. त्याने पोटभर वीज मागितली की सगळं मशीन अंधारात जात होतं.

रंगनाथने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. "कशाला जीव काढता, ताई? तेवढ्या धुरळ्यात जीपचा नंबर कुठून दिसायलाय? शिवाला समजावून सांगा. लय झुरायलाय तो."

धनश्रीने कप बाजूला सरकवला. तिने मशीनचं झाकण काढलं.

आतला पॉवर सप्लाय, सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, तिने बसवलेला नव्हता. तिने दणकट, साडेसातशे वॅटचा डबा लावला होता. त्यातून कार्डाला दोन वेगळ्या वायरी जात होत्या. इथे जुनाट, हलका डबा होता आणि जोड देऊन ओढलेली एकच वायर.

"हे मशीन कुणी उघडलं होतं?"

"मी पंख्यापुरतं उघडलं. मला आतलं काय कळतंय?" शिवप्रकाश म्हणाला.

"खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"आमच्याकडं आन् रंगनाथकडं."

"ही फिल्म आणलीय हे कुणाला माहीत होतं?"

"घरात. आन् रंगनाथला."

धनश्रीची नजर खोलीभर फिरली. कोपऱ्यात स्टुडिओचं जुनं, बाद झालेलं मशीन पडलं होतं. वर धुळीचा थर, पण बाजूच्या झाकणावरची धूळ पुसलेली. तिने स्क्रू काढले. आत तिचाच डबा ठेवलेला होता.

रंगनाथ दाराकडे सरकला. दारात आप्पा बसले होते. त्यांना ओलांडून जायचं त्याला धैर्य झालं नाही.

"काय हाय हे, ताई?" शिवप्रकाशने विचारलं.

"चोरी असती तर चोराने कार्ड नेलं असतं," धनश्री सावकाश म्हणाली. "आत सगळ्यात महागाचं तेच. इथे काहीच गेलेलं नाही, नुसती अदलाबदल झालीय. मशीन फोडलंही नाही. लग्नसराईची कामं चालायला हवी होती, फक्त हे एक काम होऊ द्यायचं नव्हतं. फिल्म पुसून उपयोग नव्हता, पोलिसांकडे दुसरी प्रत आहे. मशीन अधूनमधून बंद पडलं तर माणूस लाईटला शिव्या देतो आणि एक दिवस नाद सोडतो. एवढं कळणारा, किल्ली असणारा आणि याच मशीनवर पोट असणारा माणूस एकच."

"ताई, काहीतरीच बोलायलाव तुमी," रंगनाथ म्हणाला.

"पोलिसांना कळलं नाही, शिवप्रकाशला कळलं नाही. ती जीप होती हे तुला कसं कळलं, रंगनाथ?"



"त्या दिवशी देवगाव फाट्याचं लग्न व्हतं," शिवप्रकाश स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "मामाची जीप घेऊन गेल्ता तू. मला म्हन्लास, तिथंच झोपलो, सकाळी आलो."

रंगनाथ खाली बसला. "दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. पिंगळीपाशी डुलकी लागली, शिवा. उतरून बघतो तर आपली महेश्वरी."

"जित्ती व्हती?"

शिवप्रकाशने त्याला खांद्याला धरून हलवलं.

"जित्ती व्हती का, रंग्या?"

"पानी मागत व्हती."

आप्पांच्या हातातली डबी खाली पडली. विभूती उंबऱ्यावर सांडली. ती भरायला कुणी वाकलं नाही.

पोलीस आले, रंगनाथला घेऊन गेले. मामाच्या गावी जीप सापडली; पुढचा दिवा नवा, पत्रा ठोकून रंगवलेला. वकिलाने आधीच सांगून टाकलं, हा उद्या कोर्टात उलटला तर हातात फारसं काही राहणार नाही. निदान नंबर दिसला तर बघू.

धनश्री पुन्हा पूर्णेला आली. तिने मूळ डबा जागेवर बसवला, दोन्ही वायरी कार्डाला जोडल्या. या खेपेला मशीन एकदाही अडखळलं नाही. पंखे घोंगावत राहिले आणि काम शेवटाला गेलं.

पांढरा फराटा पांढरा फराटाच राहिला. नंबरच्या जागी राखाडी गिचमीड होती. कॅमेऱ्यात जे उतरलंच नव्हतं, ते कुठलं मशीन उजळवणार? धनश्रीला कळून चुकलं. रंगनाथने त्या झाकणाला हात लावला नसता, तर हे कधीच कुणाला कळलं नसतं. तिने हे शिवप्रकाशला सांगितलं नाही. तो पडद्याकडे बघत होता. त्याला ते दिसतच होतं.

स्वच्छ आली होती ती फक्त स्कूटी. धुरळ्याच्या पुढे, उन्हात, तोंडाला ओढणी गुंडाळलेली महेश्वरी. पाठीवरच्या पिशवीचा बंदसुद्धा दिसत होता.

आतून शिवप्रकाशची आई शांतम्मा आल्या. लेक गेल्यापासून त्यांनी या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. पदर सावरत त्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या.

"शिवा, तिला आवाज पोचंल का रं इथून?"

"न्हाई, आई."

त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं आणि तरीही हळूच म्हणाल्या, "बाय, गाडी जरा कडंला घे."