पाट्या गेलेला मूकपट

जुनी रिळं दुरुस्त करायची म्हणजे कात्री, गोंद आणि भिंग. भाचीची अठरा वर्षं चित्रपट संग्रहालयाच्या तळघरात त्यातच गेली. या वेळी टेबलावर आलेला मूकपट एका गाजलेल्या नाटकावरून काढलेला होता, प्रेमाचा. चित्रं शाबूत, संवादाच्या पाट्या तेवढ्या कुजून गेलेल्या.

"नाटकाच्या पुस्तकातून उतरवून टाक," साहेब म्हणाले. "नट काय बोलतात ते बघतंय कोण?"

भाचीचं डोकं सणकलं. मूकपटातले नट पुस्तकाबरहुकूम बोलायचे नाहीत, खरं काय ते त्यांच्या ओठांवरच सापडणार, हे या खुर्चीउबव्याला कोण सांगणार? तिने सरळ मावशीलाच आणलं.

मावशी पाचव्या वर्षी तापात ठार बहिरी झालेली. ओठ वाचून तिने संसार रेटला, आईमागे भाचीला वाढवलं. आता नजरही विझत चालली होती. डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले होते. मग दोघींचं बोलणंच संपणार.

आणि हाच सिनेमा मावशीने लहानपणी सात वेळा पाहिलेला. "तिकिटाचा तुकडा मुठीत भिजून जायचा बघ," ती म्हणाली. "आणि थेटरात सगळेच माझ्यासारखे. तेवढे दोन तास मी बहिरी नसायचे."

रीळ फिरलं. नायक डोळ्यांत पाणी आणून नायिकेला मिठी मारत होता. मावशी खुदखुदली. "मेला म्हणतोय, माझ्या पायावर उभी आहेस, सरक!" दोघी पोट धरधरून हसल्या.

शेवटी नायक निघून जातो. नायिका खिडकीत एकटी. ती समोर बघून काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?" भाचीने मावशीच्या समोर तोंड नेऊन विचारलं.

"इतके दिवस कुठे होतीस, म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी पाटी लिहायला भाचीने तेच रीळ पुन्हा लावलं.

"डोळे फार दुखतात का, विचारतेय," मावशी म्हणाली.

भाचीने रीळ बोटाखालून काढलं. सगळे जोड जागच्या जागी.

तिसऱ्या दिवशी मावशीच पडद्याशी बोलायला लागली. घरातलं, बारीकसारीक. आणि ती बोलत असेपर्यंत नायिका ओठ मिटून, मान कलती करून थांबत होती.

"मावशी, घरी चल."

मावशीने वळून पाहिलं नाही. पाहिलं नाही, म्हणजे तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

असल्या गोष्टींवर भाचीचा काडीचा विश्वास नव्हता. पण मावशी हातची जात होती. तिने मशीन बंद केलं. खिडकीचा प्रसंग कात्रीने कापला, शेजारच्या खोलीत टेबलावर नेला, भिंग लावलं.

खिडकी होती. फुलदाणी होती.

फिल्मच्या प्रत्येक चौकटीत तेवढंच. नायिका नव्हती.

पलीकडून मावशीचं हसू आलं.

भाची दारात गेली. मशीन थंड. पडदा कोरा. मावशी डोळे मिटून बसलेली, मध्येच हुंकार देत.

भाचीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"दार लाव गं," डोळे न उघडता मावशी म्हणाली. "तिचा आवाज बाहेर जातोय."