ऐकलं

त्या रविवारी दुपारी मी फक्त चहाचा थर्मास पोचवायला निघालो होतो. आमच्या घरात मासेमारीचं वेड बायकोला आहे. तलाव गोठला की ती सकाळीच घसरगाडीवर तंबू, गळ आणि छोटी शेगडी लादून आत जाते, बर्फाला भोक पाडते आणि दिवसभर त्यात बघत बसते. मला त्यातलं काही कळत नाही. मी हमाल.

बरोबर तिचा धाकटा भाऊ होता. तोंड एक क्षण बंद नसलेला माणूस. "ताईने लग्नात माशांना का नाही बोलावलं, भावोजी? तिची खरी माणसं तीच," असं काहीबाही चाललं होतं.

काठावर पोचलो तर नेहमीची गर्दी पांगत होती. आया मुलांच्या पायांतले स्केट्स सोडवत होत्या. स्केट्स भाड्याने देणारा दुकानदार शिट्टी वाजवून लोकांना बाहेर बोलावत होता. त्याने सांगितलं, की सकाळपासून वारा उबदार झालाय, मधल्या भागात तडा गेलाय आणि तो वाढतोय. त्यात धुकं उतरलेलं. बचाव पथकाची गाडी अशा धुक्यात बर्फावर घालत नाहीत. बायकोचा तंबू तड्याच्या बाजूलाच होता आणि तिथे फोन लागत नव्हता.

मी दुकानातली पहार उचलली. दुकानदार नको म्हणाला नाही. त्याने एवढंच बजावलं, की नियम सोडू नका.

नियम इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचा माणूस पहारेने बर्फ ठोकतो. पक्का बर्फ खणखणीत बोलतो, पोकळ बर्फ भदकन. पण ठोकणाऱ्याच्या हाताला हिसका बसतो, शिवाय त्याला पुढे जायची घाई असते. त्याचा कान त्याला फसवतो. म्हणून ऐकायचं काम मागच्याचं. आवाज चांगला असला की त्याने "ऐकलं" म्हणायचं. नसला तर गप्प राहायचं. "ऐकलं" आल्याशिवाय पुढच्याने पाऊल टाकायचं नाही, आणि चांगला ठोका ऐकून मागच्याने उगाच मौन धरायचं नाही, कारण पुढचा बिचारा तिथेच उभा राहतो.

मी ठोकत निघालो. मागून मेहुणा "ऐकलं" म्हणत होता, मध्येच विनोद करत होता. काठ दिसेनासा झाला. मग माझे बूटही नीट दिसेनात. ओल्या लोखंडाचा आणि शेवाळाचा वास येत होता. कुठेतरी खोल बर्फ कण्हल्यासारखा वाजायचा आणि तो आवाज पायाखालून सरकत जायचा.

विनोद थांबले होते. आता नुसतं "ऐकलं", तेही दबक्या, बसक्या आवाजात. म्हटलं, चला, पठ्ठ्याला एकदाची भीती वाटली. मला बरंच वाटलं.

मग एक ठोका मारला. माझ्या कानाला तो खणखणीतच वाटला. मागून उत्तर आलं नाही.

पुन्हा ठोकला. काही नाही.

"अरे, मस्करीची वेळ आहे का ही?" म्हणत मी वळलो. मागे कुणी नव्हतं. बर्फावरच्या ओल्या थरात माझ्या एकट्याच्या पावलांचे ठसे होते, धुक्यात विरत गेलेले.

 मी तसाच खाली वाकलो आणि हात लांब करून पहार पुढे टेकवली. जोर लावावा लागला नाही. तिचं टोक आत बुडालं आणि काळं पाणी वर आलं.

मी किती वेळ तसा वाकून होतो कोण जाणे. मग उजव्या हाताला, अगदी जवळून, कुणीतरी म्हणालं,

"ऐकलं..."

मी ठोकलं नव्हतं. तरी वळलो. त्या दिशेने ठोकत गेलो. प्रत्येक ठोक्याला उत्तर मिळत गेलं, आणि धुक्यातून बायकोच्या तंबूचा लाल कपडा पुढे आला.

आत मेहुणा बसला होता. ताईचं पांघरूण घेऊन, पांढराफटक.

"भावोजी, होतात कुठे? मी तुमच्या मागेच होतो... ठोका ऐकत आलो. दारापर्यंत ऐकत आलो. आणि बघतो तर तुम्ही नाहीत."

मी काय घडलं ते सांगितलं. शेगडी फुरफुरत होती. बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, गळ गुंडाळला आणि उठली.

"कोण आहे ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण नियम पाळतंय ना? मग निघा."

सामान तिथेच सोडलं. मी पुढे, मागे ती, शेवटी मेहुणा तिच्या कोटाचं टोक धरून. तिने तीनदा मला गप्प राहून थांबवलं आणि तीनदा आम्ही वळसा घेतला. वाटेत आमच्याशिवाय कुणाचाही आवाज आला नाही. पायाखाली वाळू लागली तेव्हा मेहुणा रडत होता आणि वर हसतही होता. बायकोने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती. थर्मासमधला चहा अजून गरम होता. दुकानदाराने सांगितलं, की तुम्हीच शेवटचे. आता बर्फावर कुणी नाही.

तेवढ्यात धुक्यातून ठोका आला. खणखणीत.

आम्ही सगळे गप्प. जरा वेळाने पुन्हा एक ठोका, त्याच जागी. वाट बघत असल्यासारखा.

दुकानदाराने शिट्टी तोंडाजवळ नेली आणि वाजवलीच नाही. मी बायकोला दंडाला धरून मागे ओढू लागलो. तिने हात सोडवला, बर्फाच्या कडेला गेली आणि शांतपणे म्हणाली,

"ऐकलं."

पुढचा ठोका जवळून आला. ती पुन्हा म्हणाली. मग आणखी जवळून. मेहुण्याचेही ओठ हलू लागले, मग माझेही. आम्ही तिघं मिळून म्हणत राहिलो.

शेवटचा ठोका बर्फावर पडला नाही. तो आमच्यासमोर, ओल्या वाळूत, मऊ पडला. दिसत कुणीच नव्हतं.

बायको एक पाऊल बाजूला सरली आणि तिने वाट दिली.