बटाट्यांचं पाणी

"थांबा! ती टरफलं टाकू नका..."

हातात कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरणाऱ्या मुलीला कुणी असं अडवलं, तर ती दचकेल नाहीतर हसेल. हिने दोन्ही केलं. आधी दचकली, मग हसली. अडवणारा होता तळमजल्यावरचा चष्मेवाला. चष्म्यांचं दुकान थाटून त्याला जेमतेम महिना झाला होता आणि गिऱ्हाईक नसलं की तो दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नंबर नुसत्या नजरेने ताडत असे.

"अंड्याची टरफलं चुरून गुलाबाला घाला. गच्चीवरचा तुमचाच ना? पानं गळतायत त्याची."

"चौथ्या मजल्यावरची पानं इथून दिसतात तुम्हाला?"

"एरवी नाही दिसत. तुम्ही गच्चीवर असलात की... जरा लांबचं दिसतं."

गुलाब तिचा नव्हता, आईचा होता. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून बाबा माणसांशी हं-हूं करत. बोलत ते फक्त त्या गुलाबाशी. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायचं काम करायची. कामावरून आली की गच्चीच्या जिन्यात पाय न वाजवता थांबायची. 'आज पाठ धरलीय गं,' बाबा कुंडीला सांगत असत. गुलाब गेला तर हा आवाजही जाणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आणि गुलाब दिवसेंदिवस खंगत होता.

मग चष्मेवाला वर येऊ लागला. पहिल्या आठवड्यात तीनदा आला. त्यातल्या एकदाच काम होतं. तिच्या विरलेल्या पायमोज्यांच्या पट्ट्या कापून त्याने फांद्या काठीला बांधल्या. दोरी काचते म्हणे. मांजर माती उकरायचं, म्हणून कुंडीत जेवणाचे जुने काटे दाते वर करून खोवले. बाटलीच्या झाकणाला तापल्या सुईने भोकं पाडून झारी केली.

"आमचं स्वयंपाकघर धुऊन नेणार वाटतं?"

"तुम्ही खाली यायला लागा... मग थांबतो."

ती झारीकडे बघत राहिली. झारीत बघण्यासारखं काही नव्हतं.

"आणि भाज्या उकडलेलं पाणी फेकू नका," तो जाता जाता म्हणाला. "गार करून घाला. कस असतो त्यात."

बाबा त्या दिवसांत उकडलेल्या बटाट्यांवरच होते. त्यामुळे पाण्याला तोटा नव्हता. तिने रोज घातलं, न चुकता, तीन आठवडे.

पानांच्या कडा करपल्या. मग पानं गेली. एका सकाळी चष्मेवाल्याने चिमूटभर माती उचलली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकली.

"पाण्यात... मीठ असायचं?"

"बटाटे बिनमिठाचे कोण उकडतं?" ती फटकन म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिचा चेहरा उतरला.

दोघांनी बादल्यांवर बादल्या ओतून माती धुतली. एकमेकांकडे बघितलं नाही. चार दिवसांनी तिने फांदी हळूच वाकवली, तर ती काडकन मोडली. आत हिरवं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, तर बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"तो चष्मेवाला येऊन गेला. म्हणाला, खारं पाणी मी घातलं. त्याला सांगितलंय, या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

"बाबा... ते मी घातलं."

"ठाऊक आहे. तो काय बटाटे उकडायला येत होता आपल्याकडे?"

"मग त्याच्यावर का?"

"कुणावर तरी रागवायचं होतं." बाबांनी मान वळवली नाही. "तुझ्यावर रागावून मग बघू कुणाकडे?"

तेवढंच. त्यानंतर त्यांनी दिवा लावू दिला नाही, जेवायला हं म्हटलं नाही. ती दार लोटून खाली आली.

चष्मेवाला एका चष्म्याच्या काडीचा स्क्रू आवळत होता.

"खोटं का बोललात?"

"तुम्हाला त्यांच्यासोबत राहायचंय. माझं काय... शटर ओढलं की झालं."

"त्यांना सगळं ठाऊक होतं."

"अरेरे! म्हणजे खाल्लेल्या शिव्या वायाच की."

तिला हसू आलं आणि अर्ध्यावर मोडलं. हातातली पर्स शेजारच्या खुर्चीवर टाकून ती मटकन बसली.

"ते आता कुणाशीच बोलणार नाहीत. काहीतरी सांगा ना... तुमच्याकडे सगळ्यावर काही ना काही असतं."

त्याने खणांकडे पाहिलं, भिंगांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"यावर नाही."

आणि मग ती रडली. वर्षभराचं, आवाज करून. त्याने दारावरची पाटी उलटी केली, काचा पुसायचं फडकं तिच्या हातात दिलं आणि अवघडून उभा राहिला.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "ही काही आज सांगायची गोष्ट नव्हे. कळतंय मला."

"नाहीच."

"मग... उद्या सांगू?"

"उद्याही हे असंच असेल. परवाही."

"असू दे. उद्याही सांगतो. परवाही."

तिने फडक्याने नाक पुसलं. तो अजून उभाच होता. मग शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.